पाहुण्यांचं पाणी

तायडे सिस्टर दुपारी साडेतीनच्या आधी कोणत्याही वृद्धाश्रमात पाऊल टाकत नसत, आणि येतो म्हणून आधी फोनही करत नसत.

"सकाळी घर पावन्याचं असते मॅडम," त्या म्हणत. "दुपारी घरच्याइचं असते. आपल्याले दुपारचं घर पाहाचं हाय."

ईशा, निहार, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की आबांच्या फोटोखाली तो दुसरा छोटा फोटो कुणाचा, छातीवर उलटं घड्याळ टाचलेल्या बाईंचा? मी म्हटलं, ओळखीच्या होत्या. ते उत्तर अपुरं होतं. तुमच्या बाबांना आजही वाटतं, की अकोल्याच्या एका उत्तम संस्थेतून आपल्या वडिलांना, आबांना मी हट्टाने सतराव्या दिवशी उचलून आणलं. तेव्हा त्याला खरं सांगितलं नाही. इतक्या लांब बसून तो काय करणार होता? पण आता तुम्ही दोघं मोठी झाला आहात, आणि मी गेल्यावर हे सांगणारं कुणी उरणार नाही. म्हणून लिहिते.

सिस्टर आमच्या अमरावतीच्या घरामागच्या गल्लीत राहत. आयुष्यभर सरकारी दवाखान्यांत नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. उंची बेताची, पण चाल अशी की बरोबरच्याला पळावं लागे. निवृत्तीनंतरही पांढरी साडी सोडली नाही. "रंगाचं लुगडं नेसलं का मले सुट्टीवर असल्यावानी वाटते," म्हणत. उन्हाळ्यात डोक्यावर काळी पुरुषी छत्री आणि पर्समध्ये एक स्टीलचा चमचा. चमचा कशाला, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची एक खोड होती. साठीपुढचं कुणीही भेटलं की त्या त्याचा हात हातात घेत, तळहात खाली करत आणि वरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत उचलून सोडून देत. भाजीवाली, बँकेतले पेन्शनर, आमच्याकडे आलेले वकीलसाहेब, कुणी सुटत नसे. चिमटीची घडी लगेच बसली तर "बरं हाय". तशीच उभी राहिली तर, "जीभ दाखवा." वकीलसाहेबांनी खरंच दाखवली होती. "म्हाताऱ्याच्या कातडीवर एकटीवर भरवसा नसते," त्या मला म्हणाल्या, "कातडी खोटं बोलते. जीभ नाही बोलत."

दुसरी खोड मला जास्त अवघड वाटे. आपल्याकडे कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी येतं, मग 'कसे आले' होतं. सिस्टर तो पेला घेत, पण पीत नसत. घरात जो म्हातारा किंवा आजारी असेल त्याच्याकडे तो नेत आणि म्हणत, "घ्या, थोडं प्या." मग तो कसा पितो ते पाहत उभ्या राहत. मला वाटायचं, केवढा हा आगाऊपणा! मी शाळेत इंग्रजी शिकवलं, मिशनच्या शाळेत शिकले. पाहुण्याने कसं वागावं याचे माझे नियम पक्के होते. एकदा मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

त्यांना राग आला नाही. "माह्या मायले गावात पानी वरून ओतून देत होते मॅडम. हाताची ओंजळ करून प्याची ते. पेला भेटे नाही. ते म्हने, कोन कोनाले पानी कसं देते एवढं पाह्यलं का घर समजते. मी दुसरं काही शिकली नाही."

आबांना झटका आला तेव्हा तुम्ही दोघं लहान होतात. त्यांचा उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला, शब्द मोजून वापरणारा माणूस. आता मोजायलाही शब्द उरले नाहीत. वर्षभर मी घरी केलं. मग मार्चमध्ये मी न्हाणीघरात पडले आणि माझं मनगट मोडलं. एका हाताने मी त्यांना कुशीवर वळवू शकेना. तुमच्या बाबांनी रोज फोन करून ठरवलं, की माझं प्लास्टर निघेपर्यंत आबांना चांगल्या ठिकाणी ठेवायचं. त्याने इंटरनेटवरून एक यादीही पाठवली: वृद्धाश्रम कसा निवडावा, चाळीस प्रश्न.

ती यादी मला फार आवडली. मी डाव्या हाताने वहीत पट्टीने रकाने आखले, प्रत्येक प्रश्नाला गुण ठरवले, एकूण शंभर. सिस्टरना बरोबर घेतलं, कारण दवाखान्याचं मला काही कळत नव्हतं.

पहिलं घर आपल्या अमरावतीतलं, शोभाताईंचं. जुन्या घराच्या तीन खोल्या, नऊ माणसं. दारात गेल्याबरोबर लघवीचा अंगावर येणारा वास. टीव्ही मोठ्याने चालू आणि त्याहून मोठ्याने दोन म्हाताऱ्या भांडत होत्या, पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून. प्लास्टिकच्या खुर्च्या. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा. मी भराभर शून्य लिहीत गेले. शोभाताईंनी पदराला हात पुसत पाणी आणलं. सिस्टरनी पेला उचलला आणि भांडणाऱ्यांपैकी एकीपुढे धरला.

"मले कायले?" ती म्हणाली. "पानी पाजू पाजू मारून राहिली हे शोभी. दिवसभर नुसतं मुताले जा अन् या. तुमीच प्या बाई, उनातून आल्या."

सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि तो पेला त्यांनी स्वतः संपवला. त्यांना कुणाकडे पाणी पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा अर्थ कळला नाही. माझ्या वहीत शोभाताईंना एकेचाळीस गुण मिळाले.

दुसरं अकोल्याचं. शहराबाहेर नव्या लेआउटमधली पांढरी दुमजली इमारत. नाव लिहीत नाही. बाग, लिफ्ट, कॅमेरे, रोज फिजिओथेरपी, वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र. तिथे भेट आधी फोन करून ठरवावी लागे, तीही सकाळी दहा ते बारा. सिस्टर नाक मुरडून आल्या. मॅनेजर तरुण, नम्र, सुंदर इंग्रजी बोलणारे. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे कागद होता. कुठेही वास नव्हता. सगळे पलंगांवर शांत होते. मी त्या शांततेलाही गुण दिले.

तिथे पाणी पेल्यात आलं नाही. झाकण बंद असलेल्या छोट्या बाटल्या आल्या, ट्रेमधून. सिस्टरनी आपली बाटली उघडली आणि दाराजवळच्या पलंगावरच्या आजोबांच्या हातात दिली. पांढरी टोपी उशाशी ठेवलेली, अंजनगावचे होते, एवढंच मला माहीत. त्यांनी ती दोन्ही हातांनी पकडली आणि तोंडाला लावली.

"नाही ताई, प्लीज," मॅनेजर पुढे आले. "यांना ठसका लागतो. आमचं पाण्याचं वेळापत्रक आहे, डॉक्टरांनी ठरवलेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पाहुणे म्हणून यायचं आणि त्यांच्या रुग्णाला ठसका लावायचा! मी पुढे झाले आणि ती बाटली आजोबांच्या हातातून काढून घेतली. त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "घ्या बाई. तुमचीच हाय."

परत येताना बसमध्ये सिस्टर म्हणाल्या (आबांना त्या 'बाबा' म्हणत), "इथं नका ठेवू बाबाले."

"का पण? काय कमी होतं?"

"कोनीच भांडून नव्हतं राहिलं."

हे काय कारण झालं? माझ्या वहीत अकोल्याला अठ्ठ्याऐंशी गुण होते. 'पिण्याचे पाणी: शुद्धीकरण यंत्र, थंड पाण्याची सोय' पाचपैकी पाच. एप्रिलच्या मध्याला आम्ही आबांना तिथे ठेवलं.

रोज सकाळी अकरा वाजता तिथून व्हिडिओ कॉल येई. आबा दाढी केलेले, भांग पाडलेला, मॅनेजरांचा हात खांद्यावर. रविवारी त्या कॉलवर तुम्हालाही जोडत. आठवतं का, एका रविवारी आबा डाव्या हाताची बोटं ओठांना लावून पुढे करत होते, पुन्हा पुन्हा? तू ओरडलीस ईशा, "आबा पापे पाठवतायत!" आणि तुम्ही दोघांनी उलट पापे पाठवले. मॅनेजर हसले. मीही हसले. तुमचं काही चुकलं नाही, बाळांनो. तुम्ही सहा आणि नऊ वर्षांची होतात. मी एकोणसत्तर वर्षांची होते.

त्याच दिवशी सिस्टर माझ्या हाताची बोटं हलवून पाहायला आल्या. मी कौतुकाने त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात खाली ठेवला.

"बाबाले पापे द्याची सवय होती काय हो मॅडम?"

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. मी विचार केला आणि म्हटलं, "नाही. एकदाही नाही."

"कसे करत होते, करून दाखवा."

मी बोटं ओठांना लावली आणि पुढे केली. ओठांना लावली आणि पुढे केली. तिसऱ्या वेळी माझा हात थांबला.

"उद्या जाऊ," सिस्टर म्हणाल्या. "साडेतीनले."

आणि आता तुम्हाला माझी खरी लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी म्हटलं, आधी फोन करू या. मला अकोल्याच्या त्या नम्र माणसाची भीती वाटत होती. आपलं माणूस त्यांच्या हातात आहे, आपण तपासायला गेलो, ते चिडले, आणि आपण निघून आलो, तर मागे आबांशी कसे वागतील? ते तर सांगूही शकणार नाहीत. मी हे सिस्टरना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "याच भेवावर तर चालते सगळं."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही बसमध्ये बसलो. मे महिना लागला होता. खिडकीची पट्टी हात लावू देत नव्हती. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा सिस्टरनी धारणीची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्या तिकडे मेळघाटात होत्या. असाच उन्हाळा. दूरच्या पाड्यावरून जीपमध्ये घालून एका म्हातारीला आणलेलं, बरोबर कुणी नाही. वॉर्डात एकट्या सिस्टर आणि तीस रुग्ण. पाण्याचा तांब्या भरून स्टुलावर ठेवला, तक्त्यावर 'पाणी दिले' लिहिलं, सही केली आणि बाळंतिणीकडे गेल्या. चार तासांनी परत आल्या.

"तांब्या भरेलच होता. स्टूल पलंगापासून एवढं लांब." त्यांनी बसमध्ये आपला हात लांब केला आणि पुढे एक वीत दाखवली. "एवढंच. हात नाही पोचला तिचा. तक्त्यावर माही सही होती, पानी दिलं म्हनून. खोटी नव्हती ना मॅडम? देल्लंच होतं."

मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "अकोल्याले रहीमभाईची अँब्युलन्स सांगून ठेवली हाय. तो गेटाजवळ उभा राहीन."

"अहो, अजून आपण पाहिलंही नाही!"

"पाह्यल्यावर बोलावला त उशीर होते."

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, भेटीची वेळ संपली. सिस्टरनी छत्री मिटली, छातीवरचं घड्याळ सरळ केलं. "मी सिस्टर हाओ," त्या म्हणाल्या. त्याने पांढरी साडी पाहिली आणि दार उघडलं. खोटं काहीच नव्हतं.

आत तशीच शांतता. या वेळी मला ती ऐकू आली. कूलर बंद. पडदे ओढलेले. दाराजवळचा पलंग रिकामा, नवी चादर ताणून घातलेली. टोपी नव्हती. पलीकडे फरशीवर बसलेली मावशी मोबाइल पाहत होती.

"इथले आजोबा?" मी विचारलं. "अंजनगावचे?"

ती गडबडून उठली. "ते... नेलं त्याइले. घरी."

"कधी?"

"मले नाही माहीत. माही ड्युटी नव्हती."

सिस्टर एकेका पलंगाजवळून चालत गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच गोष्ट पाहिली: पेला कुठे आहे. सगळे पेले खिडकीवरच्या फळीवर होते. स्वच्छ घासलेले, ओळीने, पालथे.

आबा शेवटून दुसऱ्या पलंगावर होते. मला पाहून त्यांच्या घशातून आवाज आला. दाढी सकाळी केलेली, भांग नीट. ओठांवर पांढरी पापुद्र्यांची रेघ. सिस्टरनी त्यांच्या हातावरची कातडी उचलून सोडली. घडी उभी राहिली. जीभ पाहिली, ती सुकलेल्या चामड्यासारखी होती.

"मावशी," सिस्टर गोड आवाजात म्हणाल्या, "पावन्याले पानी द्याल का नाही?"

मावशीने एक पेला भरून आणला. सिस्टरनी तो आबांपुढे धरला. ईशा, निहार, मी आयुष्यात पुष्कळ भीती पाहिली आहे. घरात साप पाहिला, पूर पाहिला, आबांना झटका आला ती सकाळ पाहिली. पण त्या दुपारी जे पाहिलं तसं नाही. आबांचा डावा हात पेल्याकडे आला आणि अर्ध्यात थांबला. आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी पाहत तर नाही ना, असं. बांध फुटला तरी वरिष्ठांशी डोळ्याला डोळा देऊन बोलणारा माणूस. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मगच हात पुढे केला.

सिस्टरनी पर्समधून चमचा काढला. आबांची हनुवटी छातीकडे झुकवली, अर्धा चमचा, थांब. पुन्हा अर्धा, थांब. "गिळा बाबा. शाब्बास. घाई नाही. कोनी नाही येत." ठसका लागला नाही. एकदाही नाही. मी मात्र सारखी दाराकडे पाहत होते. तोवर मलाही तीच सवय लागली होती.

मॅनेजर आले. आवाज अजून नम्रच. "मॅडम, असं न कळवता येणं आमच्या नियमात बसत नाही. आणि यांचं पाण्याचं सगळं रेकॉर्ड आहे."

"आना ना मंग," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी तक्ता आणला. मला असे तक्ते आवडतात. पट्टीने आखलेले रकाने, दर दोन तासांनी किती पाणी, खाली सही. सिस्टरनी तो वाचला आणि माझ्या हातात दिला.

"मॅडम, किती वाजले?"

"चार वाजायला दहा मिनिटं."

"रात्री आठचं पानी पेलं बाबानं. पाहा, सही हाय."

खरंच होतं. चारचं, सहाचं, आठचं, सगळं दिलेलं होतं. सुबक अक्षरात.

"बाबाले आमी आत्ताच नेतो," सिस्टर म्हणाल्या. मॅनेजर म्हणाले, डिस्चार्जवर डॉक्टरांची सही लागेल, ते उद्या सकाळी येतात. 'उद्या सकाळी' म्हणजे आबा इथे आणखी एक रात्र. माझं सगळं इंग्रजी त्या वेळी कुठे गेलं होतं देव जाणे.

"ठीक हाय," सिस्टर म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी बसतो अठीच. सहाचं पानी कसं पाजता ते पायतो. आठचंही पायतो. हे दहा जन हायेत, याइचंही पायतो. तुमी जा, कामं करा तुमची."

दहा मिनिटांनी स्ट्रेचर आलं. फाटकाबाहेर रहीमभाईंची गाडी उभी होती. निघताना सिस्टर थांबल्या, सगळे पालथे पेले फळीवरून उतरवले, भरले, आणि एकेक पलंगाजवळ ठेवले. प्रत्येक वेळी त्या त्या माणसाचा हात धरून पेल्यापर्यंत पोचतो का, ते पाहिलं. मावशी भिंतीला टेकून पाहत होती. तिला रडू येत होतं. "माह्यावर चिडतात हो सिस्टर," ती म्हणाली. "चादरी लय ओल्या झाल्या तर माह्यावर चिडतात."

"मले माहीत हाय बाई," सिस्टर म्हणाल्या. "म्हनून मी तुले काही बोलली नाही."

आबा शोभाताईंच्या एकेचाळीस गुणांच्या घरात गेले. माझं प्लास्टर निघाल्यावरही ते तिथेच राहिले, कारण त्यांना तिथली भांडणं आवडायला लागली होती. पंख्याच्या वादात ते डाव्या हाताने मत देत. मी रोज जायची. तिथेच दोन वर्षांनी ते शांतपणे गेले. पेला हाताशी होता.

अकोल्याबद्दल आम्ही सरकारकडे तक्रारीचा अर्ज केला. मी मसुदा लिहिला, सिस्टरनी माझी निम्मी वाक्यं खोडली. तपासणीला माणसं गेली, पण आधी फोन करून, सकाळी अकरा वाजता. सगळं उत्तम असल्याचा कागद आम्हाला आला. त्यानंतर सिस्टर दर गुरुवारी बसने कुठे ना कुठे जायच्या. त्या दुपारी त्यांनी पेले भरता भरता दहाही जणांना गाव विचारून ठेवलं होतं. त्या गावी जाऊन त्यांच्या घरच्यांना शोधत. कुणी हाकललं, कुणी ऐकलं. सहा जणांना त्यांच्या माणसांनी नेलं. त्या एकदा अंजनगावलाही गेल्या. परत आल्यावर मी फाटकाशीच विचारलं, "ते आजोबा?"

त्यांनी छत्री झटकली. "नका इचारू मॅडम." मी पुन्हा कधीच विचारलं नाही. ती बाटली मी अजून रोज काढून घेते.

मग सिस्टरच विसरू लागल्या. आधी चष्मा, मग घराची वाट, मग गॅस. त्यांची एक भाची अकोल्याला असते. ती भली आहे, पण नोकरी करते. तिने त्यांना आपल्या घराजवळच्या एका संस्थेत ठेवलं. फोनवर म्हणाली, "मावशी छान रमलीय, तुम्ही काळजी करू नका." छान रमलीय! हे ऐकल्यापासून माझी झोप गेली. ज्या बाईने दुसऱ्यांची घरं तपासली तिचं घर तपासायला मागे उरलं होतं कोण? मी. चाळीस प्रश्नांची वही असलेली मी.

गेल्या मे महिन्यात गेले. कुणाला सांगितलं नाही, तुमच्या बाबांना तर नाहीच. बसमध्ये मूर्तिजापूर आलं तसा मला धारणीचा तो तांब्या आठवला. साडेतीनला दारात पोचले. लहानसं घर, वास होता, टीव्ही चालू होता. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

सिस्टर खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. पांढरी साडी. छातीवर घड्याळ होतं, बंद पडलेलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि ओळखलं नाही.

एका मुलीने मला पाणी आणून दिलं. मी पेला हातात घेतला आणि तो सिस्टरपुढे धरला. मी पेल्याकडे पाहत नव्हते, त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. देवा, यांनी दाराकडे पाहू नये.

त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. पेला घेतला, उठल्या, आणि तीच ती चाल, तो शेजारच्या पलंगावरच्या बाईंकडे घेऊन गेल्या. "घ्या माय, थोडं प्या."

"आत्ताच पाजलं ना वो तुमी मले," त्या बाई म्हणाल्या. "पोट फुटून जाईन माह्यं. काय सिस्टर होय का कोन होय!"

मी हसले. किती महिन्यांनी हसले असेन. तेवढ्यात सिस्टर तो पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घ्या माय."

मी सकाळी अकराला घरातून निघाले होते. बसमध्ये उतरायची पंचाईत नको म्हणून पाणी प्यायलेच नव्हते. तशी घरीही हल्ली कमीच पिते. एकटीला सारखं उठायचा कंटाळा येतो, आणि रात्री न्हाणीघराची ती फरशी. मी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. खाली ठेवायच्या आधीच तो पुन्हा पुढे केला.

सिस्टरनी तो घेतला नाही. त्यांनी माझा हात घेतला, तळहात खाली केला, कातडी चिमटीत उचलली आणि सोडली. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत राहिलो. घडी बसली नाही.

मग त्या दाराकडे वळल्या आणि वॉर्डातल्या त्या जुन्या आवाजात ओरडल्या, असा आवाज की टीव्ही कुणीतरी बंद केला:

"अवो, कोन हाय ड्युटीवर? या बाईले पानी नाही भेटून राहिलं. इच्या घरचे कुठी हायेत? बोलवा त्याइले."